मागचे स्पीकर वाजत होते, पण सराउंड नव्हते

गेल्या गुढीपाडव्याला आम्ही कोथरूडच्या आमच्या घरी ५.१चा होम थिएटर संच घेतला. त्यात सगळ्या स्पीकरना आवाज वाटून देणारा एक रिसीव्हर, पुढचे दोन, मधला एक आणि मागचे दोन असे पाच लहान स्पीकर आणि खालचे, घुमणारे आवाज देणारा एक सबवूफर आहे; ५.१ मधले पाच आणि एक ते हेच. सगळे मिळून ६५ हजारांच्या आसपास गेले. त्यानंतर जवळजवळ आठ महिने आम्ही जे ऐकत होतो ते सराउंड, म्हणजे मागून आणि बाजूने वेगळा येणारा आवाज, नव्हतेच, हे दिवाळीनंतर पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गाळा असलेल्या एका दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी घरी येऊन दाखवून दिले. त्यामुळे हे परीक्षण संचाचे आहे, तो बसवून देणाऱ्या दुकानाचे आहे आणि तो मार्गी लावणाऱ्या दुरुस्तीचेही आहे. दुकानाचे आणि कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण यातला दोष संचाचा कमी, बसवण्याचा जास्त आणि थोडासा आमचाही होता.

संच बसवायला दुकानातून दोन मुले आली आणि चाळीस मिनिटांत मोकळी झाली. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत त्यांनी ऑप्टिकल केबल जोडली, मागच्या स्पीकरच्या तारा स्कर्टिंगच्या कडेने नेऊन चिकटपट्टीने दाबल्या आणि एक गाणे लावले. पाचही स्पीकरमधून आवाज येत होता. आमच्या घरच्यांनी मागच्या स्पीकरला कान लावून खात्री करून घेतली, सासूबाईंनी मुलांच्या हातावर पेढे ठेवले आणि आम्ही समाधानाने सही करून दिली. त्या मुलांनी जाता जाता रिसीव्हर ‘ऑल चॅनल स्टिरिओ’ या पर्यायावर ठेवला होता, याचा अर्थ तेव्हा आम्हाला कळण्याचे कारणच नव्हते. या पर्यायात पुढच्या डाव्या स्पीकरचा आवाजच मागच्या डाव्याला आणि उजव्याचा उजव्याला दिला जातो, म्हणजे खोली आवाजाने भरते, पण मागून वेगळे असे काहीच येत नाही. दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी पुढे हे एका वाक्यात सांगितले: “ताई, देवळात पाच कर्णे लावले म्हणून कीर्तनकार पाच होत नाहीत.”

आमची तक्रार मात्र या गोष्टीबद्दल नव्हतीच, ती गणपतीनंतर सुरू झाली. मखरासाठी सोफा सरकवावा लागतो, त्यात डावा मागचा स्पीकर त्याच्या तारेसकट काढून ठेवला होता आणि विसर्जनानंतर आम्हीच तो पुन्हा जोडला. त्यानंतर तो मध्येच बंद पडू लागला, मध्येच खरखरू लागला, आणि आवाज जरा मोठा केला की रिसीव्हरच आपोआप बंद होऊ लागला. दुकानाला फोन केला तेव्हा पलीकडून न पाहताच निदान झाले: रिसीव्हरचे एक चॅनल (एका स्पीकरला आवाज पुरवणारा भाग) जळले असणार, तो सर्व्हिस सेंटरला पाठवावा लागेल, तीन आठवडे लागतील, आणि तारांची ओढाताण आम्ही केलेली असल्यामुळे वॉरंटीचे काही सांगता येणार नाही. पुन्हा कोणाला पाठवता येईल का, या प्रश्नाला ‘बघतो’ असे उत्तर मिळाले आणि ते बघणे अजून चालू आहे.

तपकीर गल्लीतल्या गृहस्थांचे नाव शेजाऱ्यांकडून मिळाले. ठरलेल्या दिवशी ते आले नाहीत आणि फोनही केला नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ही तक्रार येथे नोंदवून ठेवते. आल्यावर मी टीव्हीवर एक चित्रपट लावून बिघाड दाखवायला लागले, तर ते म्हणाले, “आधी टीव्ही बंद करा. टीव्हीचा यात आत्ता काही संबंध नको.” मग त्यांनी रिसीव्हरच्या मेनूत जाऊन टेस्ट टोन सुरू केला. हा पाऊस पडल्यासारखा एक सलग फस्स आवाज असतो, तो रिसीव्हर स्वतः तयार करतो आणि एकेका स्पीकरला आळीपाळीने देतो. टीव्ही, केबल, ओटीटी, चित्रपट हे सगळे त्यातून बाजूला पडते. तो आवाज ज्या स्पीकरमधून नीट येतो, तो स्पीकर, त्याची तार आणि त्याचे चॅनल ठीक आहे असे समजायचे. आमच्याकडे चार ठिकाणी तो स्वच्छ आला, मागच्या डाव्यात तुटक आला. आठ महिने हे बटण आमच्या हातातल्या रिमोटवरच्या मेनूत होते आणि आम्ही त्याला कधी हात लावला नव्हता, हे मला अजूनही थोडे लागून राहिले आहे.

पुढची पायरी मला सर्वांत आवडली, कारण तिला कोणतेही यंत्र लागले नाही. रिसीव्हर बंद करून त्यांनी त्याच्या पाठीमागे मागच्या डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा टेस्ट टोन लावला. जर रिसीव्हरचे डावे चॅनल जळलेले असते, तर आता खरखर उजव्या स्पीकरमधून यायला हवी होती. ती आली डाव्यातूनच. म्हणजे रिसीव्हर शाबूत होता आणि तीन आठवड्यांची सर्व्हिस सेंटरची वारी टळली. मग डावा स्पीकर उचलून रिसीव्हरजवळ आणला आणि हातभर तारेने थेट जोडला, तर तो अगदी स्वच्छ वाजला. उरली फक्त तार. पाच मिनिटांत, एकही स्क्रू न काढता, रिसीव्हर आणि स्पीकर दोघेही निर्दोष सुटले होते.

स्कर्टिंगवरची चिकटपट्टी सोलत गेल्यावर गॅलरीच्या दाराजवळ तारेला जोड सापडला. दुकानाच्या मुलांना तार कमी पडली असावी. त्यांनी दोन तुकड्यांना पीळ देऊन वर काळी पट्टी गुंडाळली होती, आणि नेमका तोच जोड पावसाळाभर दाराच्या फटीतून येणाऱ्या ओलाव्यात राहिला होता. पट्टी काढली तर आतल्या तारेवर हिरवट थर चढला होता आणि नखाने दाबल्यावर दोन केसांएवढे धागे तुटून हातात आले. गृहस्थांनी त्यातला एक धागा ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडून खिडकीच्या उजेडात धरला. वरून तांबूस असलेला धागा आतून पांढराशुभ्र होता, म्हणजे ती तांब्याची तार नव्हतीच, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली होती. अशा तारेचा विजेला होणारा रोध (रेझिस्टन्स) त्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो, ती वाकवली की लवकर तुटते आणि उघड्या टोकाला लवकर खराब होते. बिलावर मात्र ‘स्पीकर केबल, कॉपर’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले आहे.

तारेच्या जाडीचाही हिशोब त्यांनी बिलाच्याच पाठीमागे मांडून दाखवला. जुनी तार अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. मागच्या स्पीकरपर्यंत आमच्या खोलीत १२ मीटर तार लागते, जाऊन येऊन २४ मीटर. एवढ्या लांबीला अर्ध्या चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार घेतली तरी रोध सुमारे ०.८ ओहम होतो, आणि आमचे स्पीकर ६ ओहमचे आहेत, म्हणजे आवाजाची थोडी ताकद तारेतच खर्ची पडते. दीड चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तोच रोध ०.३ ओहमच्या आत राहतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या, मीटरला हजार रुपयांच्या तारांची काही गरज नसते, पण तार खऱ्या तांब्याची आणि पुरेशा जाडीची असावी, एवढेच त्यांचे म्हणणे होते आणि ते मला पटले. २६ मीटर नवी तार २,१०० रुपयांत आली. दोन्ही बाजूंना सलग, मध्ये कुठेही जोड न देता.

रिसीव्हर आपोआप बंद का पडत होता, याचे उत्तर स्पीकरच्या पाठीमागे मिळाले आणि तिथे मान खाली घालण्याची पाळी आमच्यावर आली. गणपतीनंतर तार पुन्हा खोचताना तारेचा एक सुटा धागा लाल खाचेतून काळ्या खाचेपर्यंत गेला होता. आवाज वाढला आणि स्पीकर हादरला की तो दोन्हीकडे टेकायचा, शॉर्ट व्हायचा आणि रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायचा. म्हणजे ज्याला आम्ही रिसीव्हरचा बिघाड समजत होतो ते त्याचे शहाणपण होते. शिवाय आम्ही लाल आणि काळी तार उलटी जोडली होती. हे तपासायला गृहस्थांनी तार रिसीव्हरपासून सोडवली, स्पीकरची जाळी काढली आणि तारेच्या मोकळ्या टोकांना घड्याळातला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला. सेलची धन बाजू लाल तारेला लागली की पडदा बाहेर उचलला जायला हवा. उजव्याचा बाहेर आला, डाव्याचा आत गेला. एक स्पीकर असा उलटा जोडलेला असला की आवाज बंद होत नाही, त्यामुळे चूक लक्षात येत नाही, पण दोन्ही स्पीकर एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि आवाज नेमका कुठून येतो आहे हे कानाला ठरवता येत नाही. गणपतीनंतर मागचा आवाज ‘पसरट’ वाटतो असे आमच्या मुलीने दोनदा म्हटले होते आणि आम्ही ते कानामागे टाकले होते.

इथपर्यंत दुरुस्ती झाली, पण सराउंड अजून आलेले नव्हते. आता त्यांनी टीव्ही लावायला सांगितला, ओटीटीवर ५.१ आवाज असलेला चित्रपट सुरू केला आणि माझ्याकडे पाहून रिसीव्हरच्या डिस्प्लेवर बोट ठेवले. तिथे ‘पीसीएम’, म्हणजे न दाबलेला साधा डिजिटल आवाज, असे लिहिले होते. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर होते, आणि ऑप्टिकल केबलमधून पीसीएम फक्त दोन चॅनलचेच जाते. चित्रपटात सहा वेगवेगळे आवाज असूनही टीव्ही त्यांचे दोन करून पाठवत होता, आणि त्या दोनांचे पाच करण्याचे काम रिसीव्हर इमानाने करत होता. सेटिंग ‘ऑटो’वर नेल्यावर डिस्प्लेवर डॉल्बीचे, म्हणजे सहाही आवाज दाबून एकत्र पाठवण्याच्या पद्धतीचे, नाव आले, आणि ऑल चॅनल स्टिरिओ काढून टाकल्यावर मागच्या स्पीकरमधून पहिल्यांदाच पुढच्यापेक्षा वेगळे काही ऐकू आले: दृश्यात बाजार होता, आणि सोफ्याच्या मागून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेले. सासूबाईंनी मागे वळून गॅलरीकडे पाहिले.

ऑप्टिकल केबलनेही हे काम भागते, ती ५.१ डॉल्बी डिजिटल व्यवस्थित नेते. तरी आम्ही तिच्या जागी एचडीएमआय केबल घेतली, कारण एआरसी (टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे पाठवण्याची सोय) असलेल्या जोडणीत टीव्हीच्या रिमोटनेच रिसीव्हरचा आवाज कमीजास्त करता येतो आणि घरातल्या ज्येष्ठांच्या हातातला एक रिमोट कमी होतो. टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयच्या तीन खाचा असल्या तरी एआरसी हे अक्षर आमच्याकडे त्यातल्या एकीवरच आहे, केबल तिथेच लागते आणि सेटिंगमध्ये सीईसी, म्हणजे एका रिमोटने दोन्ही यंत्रे चालवण्याची सोय, चालू ठेवावी लागते. ईएआरसी, म्हणजे एआरसीची पुढची आवृत्ती, असलेला नवा टीव्ही घ्यावा का, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी स्पष्ट नाही म्हटले. ब्लू-रे डिस्कवरचा अजिबात न दाबलेला आवाज टीव्हीमार्गे न्यायचा असेल तर त्याचा उपयोग आहे. आम्ही जे ओटीटीवर पाहतो त्याला साधे एआरसी पुरते. नवा टीव्ही विकण्याची आयती संधी कोणी सोडतो हे पाहून माझा त्यांच्यावरचा विश्वास वाढला, हेही खरे आहे.

यानंतर मापे. संचाबरोबर आलेला, रिसीव्हरला स्पीकरची अंतरे मोजून देणारा माईक खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत जसाच्या तसा होता, दुकानाच्या मुलांनी तो उघडलाही नव्हता. त्यामुळे रिसीव्हरच्या समजुतीप्रमाणे पाचही स्पीकर सोफ्यापासून सारख्याच अंतरावर होते, प्रत्यक्षात पुढचे ३.४ मीटरवर आणि मागचे दीड मीटरवर आहेत. आवाजाला ३४ सेंटिमीटर जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे मागचा आवाज साडेपाच मिलिसेकंद आधी पोहोचत होता. माईक कॅमेऱ्याच्या स्टँडवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर लावून, पंखा बंद करून मोजणी सुरू केली, तर स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि ती पहिल्यापासून करावी लागली. सबवूफर प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा दीड मीटर लांब असल्याचे रिसीव्हरने नोंदवले. मी तो आकडा दुरुस्त करायला निघाले होते, पण सबवूफरच्या आतल्या सर्किटमध्ये आवाजाला होणारा उशीर रिसीव्हर अंतराच्या रूपात धरतो, त्यामुळे तो तसाच ठेवायचा असतो. लहान स्पीकरना झेपणार नाही असा खालचा आवाज १२० हर्ट्झच्या खाली सबवूफरकडे वळवला.

मोजणीआधी मागच्या स्पीकरची जागाही बदलली होती. दुकानाने ते सोफ्यामागच्या भिंतीवर, छताजवळ, बहुधा शोभेच्या हिशोबाने टांगले होते. ५.१ मध्ये मागच्या स्पीकरची प्रमाणित जागा अगदी पाठीमागे नसून बसणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, समोरच्या दिशेपासून १०० ते १२० अंशांवर आणि कानाच्या उंचीवर किंवा थोडी वर असते. आमचा सोफा भिंतीला टेकलेला आहे, त्यामुळे उजवा बाजूच्या भिंतीवर आला आणि डावा, गॅलरीच्या दारामुळे, स्टँडवर. तिथे आधी सासूबाईंची समई असे. समई आता उजवीकडे आहे आणि यासाठी मला जी मध्यस्थी करावी लागली तिचे वर्णन येथे करत नाही. मधला स्पीकर टीव्हीच्या कपाटाच्या कप्प्यात आत ढकललेला होता. तो कडेपर्यंत पुढे ओढून, खाली रबराचा तुकडा देऊन तोंड जरा वर केले, आणि ‘संवाद कळत नाहीत, नुसता धडामधूम आवाज येतो’ ही सासऱ्यांची आठ महिन्यांची तक्रार तेवढ्यानेच निम्मी मिटली. सबवूफरची बारीक घूंऽऽ तो आणि रिसीव्हर एकाच तीनपिनी बोर्डावर घेतल्यावर थांबली.

त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी मालिका लावली आणि मागचे स्पीकर गप्प. आम्ही घाबरून फोन केला. गृहस्थ हसले आणि म्हणाले, डिस्प्ले वाचा. आवाज दोनच चॅनलचा येत होता, मागे द्यायला काही नव्हतेच. अशा वेळी दोन चॅनलमधूनच मागचा भाग वेगळा काढणारा डॉल्बी सराउंडचा पर्याय रिसीव्हरमध्ये आहे, तो लावला की मागून थोडे वातावरण येते आणि संवाद मध्ये राहतात. ओटीटीवर भाषेच्या यादीत ५.१ असे लिहिले आहे का ते पाहावे लागते. एकाच चित्रपटाच्या एका भाषेला ते असते आणि दुसरीला नसते. आणि खऱ्या ५.१ चित्रपटातही मागचे स्पीकर बराच वेळ शांतच असतात, कारण दोन माणसे खोलीत बोलत असली तर मागून ऐकू येण्यासारखे काही नसते. सतत वाजणारे मागचे स्पीकर म्हणजे सराउंड, या समजुतीनेच आम्हाला आठ महिने फसवले होते.

संचाबद्दल आता नीट सांगता येते. संवाद स्वच्छ आहेत, आमच्या १७ बाय ११ फुटांच्या खोलीला आवाज पुरून उरतो आणि रिसीव्हरचे संरक्षण किती सावध आहे हे आम्ही पाहिलेच. उणिवा म्हणजे स्पीकरच्या मागच्या चिमटेवजा खाचा इतक्या अरुंद आहेत की दीड चौरस मिलिमीटरची तार घट्ट पीळ देऊनच जाते, आणि आमच्या हातून झाला तसा घोटाळा व्हायला त्या निमंत्रणच देतात. डिस्प्लेवरची अक्षरे सोफ्यावरून वाचता येत नाहीत, माहितीपुस्तिकेत टेस्ट टोनला दोन ओळी आहेत, आणि सबवूफर जोरात वाजला की उजव्या स्पीकरचा पत्र्याचा ब्रॅकेट अजूनही किणकिणतो. संचाला मी पाचपैकी साडेतीन देईन, बसवून देण्याच्या सेवेला एकही नाही.

दुरुस्तीचे भेटशुल्क ७०० रुपये, तार आणि एचडीएमआय केबल वेगळी. काम साडेचार देण्याजोगे आहे. अर्धा न आलेल्या दिवसाचा कापला. छापील बिल मिळाले नाही, वहीच्या कागदावर हिशोब मिळाला, आणि सेटिंग लिहून देण्याची त्यांची पद्धत नाही, म्हणून मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो मीच काढून ठेवला. जुन्या तारेचे भेंडोळे माळ्यावर, दुकानाच्या बिलासकट, पिशवीत बांधून ठेवले आहे. दुकानाला त्याचा फोटो पाठवून तारेचे पैसे परत मागितले, त्याला आता पाच आठवडे झाले.